न ठरलेल्यांचा कोपरा

मत देणं हे माणसाच्या हातून घडणारं सर्वांत पवित्र आणि सर्वांत खाजगी कृत्य आहे, असं माझे वडील म्हणत. ते कराडला शाळेत नागरिकशास्त्र शिकवत आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्युटी करत, त्यामुळे त्यांचा शब्द घरात अखेरचा होता. त्यांच्या मुलाने अमेरिकेतलं आपलं पहिलं मत आयोवा राज्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, बर्फाचे बूट घालून, उभ्या-उभ्या दिलं. खोलीतली बाकीची माणसं ते टक लावून बघत होती. मधूनमधून ती मला बिस्किटं देत होती.

"तू इथे मुद्दाम उभा आहेस की चुकून?" माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मुद्दाम."

"नाही, विचारलेलं बरं. मागच्या खेपेला एक जण इथे बराच वेळ उभा होता. त्याला वाटलं कोट ठेवायची रांग आहे."

आमच्या डोक्यावर भिंतीला चिकटपट्टीने एक पुठ्ठा लावला होता. त्यावर 'अजून न ठरलेले' असं लिहिलं होतं. त्या कोपऱ्यात आम्ही दोघेच होतो.

हा प्रकार समजावून सांगायला हवा. अमेरिकेत पक्ष दोन. तिसरा असतो, पण तो लग्नातल्या लांबच्या मामासारखा, फोटोपुरता. राष्ट्राध्यक्षपदाला आपल्या पक्षाने कोणाला उभं करायचं, हे आपल्याकडे असतं तर दिल्लीत ठरलं असतं आणि तिकीट न मिळालेला माणूस दुपारपर्यंत दुसऱ्या पक्षात गेला असता. इथे ते पक्षाच्या साध्या मतदारांनी ठरवायचं असतं, एकेका राज्यात. बहुतेक राज्यांत त्यासाठी नेहमीसारखं मतदान होतं. आयोवात मात्र त्या काळी एका पक्षाची रीत अशी होती, की जानेवारीतल्या एका संध्याकाळी आपापल्या भागातल्या शाळेत जमायचं आणि जो उमेदवार पसंत असेल त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात एकूण माणसांच्या पंधरा टक्केही नाहीत, तो कोपरा बाद. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, आणि त्यांना आपल्याकडे ओढायला इतरांना अर्धा तास मिळतो. शेवटी ज्या-त्या कोपऱ्याच्या आकाराप्रमाणे प्रतिनिधी निवडायचे, ते मार्चमध्ये जिल्ह्याच्या अधिवेशनाला जातात. याला कॉकस म्हणतात. देशात पहिली पाळी आयोवाची, म्हणून वर्षभर आधीपासून सगळे उमेदवार तिथे मुक्कामाला येतात आणि मक्याबद्दल प्रेमाने बोलतात.

दुसऱ्या पक्षाची सभा त्याच शाळेच्या लायब्ररीत चालली होती. त्यांच्याकडे कागदावर नाव लिहून टाकायचं आणि घरी जायचं, अशी सोय होती. बाबांना तीच आवडली असती. मी दोन्ही पक्षांची धोरणं वाचली होती आणि दोन्ही मला सारखीच पटली होती, म्हणजे थोडी-थोडी. पण जिममध्ये लोक एकमेकांशी बोलतात असं मला कळलं होतं. मी जिमचा पक्ष निवडला. दारातल्या बाईंनी एका कागदावर माझी सही घेतली आणि मी पक्षात आलो. कराडला गॅसचं कनेक्शन घेताना याहून जास्त चौकशी झाली होती.

आता मी न ठरलेल्यांत का उभा होतो ते.

मी त्या गावात सहा वर्षं राहत होतो. गावाबाहेर पेरणीयंत्रांचा कारखाना होता, तिथे मी यंत्रांसोबत द्यायची माहितीपुस्तकं लिहायचो. शेतकरी ती ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवत आणि अडलं की एकमेकांना विचारत. मेघनाला कॅलिफोर्नियात नोकरी लागली, ती गेली, आणि वर्षभराने आम्ही कायद्याने वेगळे झालो. भांडण असं नव्हतं. आम्हाला दोघांनाही एकाच वेळी लक्षात आलं की फोनवर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. घर मोठं होतं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाईपर्यंत मला तोंड उघडायची गरज पडत नसे. एकदा शुक्रवारचा मी थेट सोमवारी बोललो आणि आवाज बसलेला निघाला.

मग मी नागरिक झालो, मतदार म्हणून नाव नोंदवलं, आणि फोन वाजायला लागला.

पहिला फोन कॅटलिनचा. ती ओहायोची पोरगी, गव्हर्नरांच्या प्रचाराला आलेली. एका मोठ्या राज्याचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते.

"मिस्टर वाळिंबे, तुमचं काही ठरलंय का?"

"अजून नाही," मी खरं ते सांगितलं.

"काही हरकत नाही. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा करू का?"

मला असा प्रश्न बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. मी करा म्हणालो. पुढच्या आठवड्यात तिने केला. सिनेटरवाल्यांचाही आला. एक सिनेटरही राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते. त्यांचा एक निवृत्त मास्तर तर बर्फातून चालत घरी आला, मी त्याला चहा आणि पोहे दिले, आणि त्याने आरोग्यविम्याबद्दल चाळीस मिनिटं सांगितलं. ऐकायला फार बरं वाटलं. जाताना त्याने विचारलं, "मग, ठरलं का?" मी म्हणालो, "विचार करतो." तो पुढच्या रविवारी परत आला. पोहे आवडले होते.

मधे एकदा मी चूक करणार होतो. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की त्याने गव्हर्नर पक्के असं सांगून टाकलं आणि त्या दिवसापासून कटकट संपली. एकही फोन नाही. ठरलेल्यांवर कोणी वेळ घालवत नाही. तो हे सुटल्यासारखं सांगत होता. मी घरी येऊन दिवाणखान्यात बसलो. तोवर माझं गव्हर्नरांच्या बाजूने जवळजवळ ठरत आलं होतं, आणि त्या संध्याकाळी कॅटलिनला मी ते सांगणार होतो. फोन वाजला.

"ठरलं का, शिरीष?" ती आता मला नावाने हाक मारत होती, आणि नाव बरोबर घेत होती. त्यासाठी तिने कुठेतरी सराव केला असणार.

"व्यापारी धोरणाबद्दल माझ्या थोड्या शंका आहेत," मी म्हणालो.

नोव्हेंबर आणि डिसेंबर शंकांवर निघाले. नाताळच्या दिवशी चार फोन आले.

"आपली संख्या वीस आहे," जिममध्ये सभेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणजे गट टिकायला तीन माणसं हवीत. गव्हर्नर दहा. सिनेटर आठ. न ठरलेले दोन." इतर उमेदवारांच्या पुठ्ठ्यांखाली कोणीच नव्हतं. "न ठरलेल्यांचा गट टिकत नाही. अर्धा तास आहे. बोला आपसांत."

आणि ते सगळे आमच्याकडे आले.

आयुष्यात माझ्याकडे एकदम इतकी माणसं कधी चालत आलेली नाहीत, लग्नातसुद्धा. गव्हर्नरवाल्यांची पुढारी डॉना नावाची बाई होती, पोस्टात काम करायची. तिच्या हातात बिस्किटांचा डबा होता. सिनेटरवाल्यांचा रॉजर, त्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याच्या हातात आकडेवारी होती.

"शिरीष, बरोबर?" डॉना म्हणाली. "कॅटलिनने तुझ्याबद्दल खूप सांगितलंय. व्यापारी धोरण, ना?"

"आणि थोडं पर्यावरण," मी म्हणालो.

"पर्यावरणाचं मी सांगतो," रॉजर मधे घुसला.

"तू त्याला श्वास तरी घेऊ दे, रॉजर."

"मी त्याला बिस्किटांची लाच देत नाहीये, डॉना."

"लाच कसली. पीनट बटरची आहेत."

त्यांनी आळीपाळीने मला समजावलं. मी हळूहळू मान हलवत होतो, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मला घाई नव्हती. उद्या सकाळी आयोवाचा निकाल लागलेला असेल आणि मला कोणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. त्यावर मी एक उपाय काढला होता. नियमावली मी मुळापासून वाचली होती, तो माझा धंदाच. न ठरलेल्यांचा गट टिकला तर त्यालाही प्रतिनिधी मिळतो. तो मार्चच्या अधिवेशनापर्यंत अधिकृतपणे न ठरलेला राहतो. अशा माणसाला दोन्ही बाजूंनी मार्चपर्यंत फोन करावेच लागणार. फक्त आम्हाला तिसरा माणूस हवा होता, आणि हा म्हातारा जागेवरून हलता कामा नये.

म्हाताऱ्याला मी ओळखत होतो, म्हणजे त्याचं घर ओळखत होतो. तो माझ्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहायचा. ओरिन हालवर्सन, असं टपालपेटीवर होतं. पूर्वी त्या पेटीवर 'ओरिन आणि लॉइस' असं होतं. सहा वर्षांत आम्ही एकमेकांना हात करायचो, तोही फावड्याने बर्फ उपसताना, म्हणजे फावडं वर करायचो.

माझं काम लांबतंय असं बघून डॉना त्याच्याकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला.

"ओरिन, लॉइस असती तर आज आमच्यात असती. तुलाही माहीत आहे."

"लॉइस?" रॉजर म्हणाला. "लॉइसने उन्हाळ्यात माझ्या दुकानातून सिनेटरांची पाटी नेली होती."

"तिने टोमॅटोला आधार द्यायला नेली होती, रॉजर. तिने मला स्वतः सांगितलं."

"पाटी ती पाटी."

"ती गेलेली आहे आणि तू तिच्या टोमॅटोवर हक्क सांगतोयस."

"सुरुवात तू केलीस."

ओरिन दोघांकडे बघत होता. मग म्हणाला, "ती तुम्हा दोघांबद्दल काय म्हणायची ते मला माहीत आहे. पण तुम्ही ते शाळेत विचारू नका."

जिममध्ये कुठल्यातरी पाइपात पाणी खळखळत होतं.

"मी इथेच उभा आहे," ओरिन म्हणाला.

"अरे, पण हा गट टिकत नाही," रॉजर म्हणाला. "दोनच आहात. घरी जावं लागेल, नाहीतर आमच्यात यावं लागेल."

"मग घरी जाईन."

तो घरी गेला तर मी एकटाच उरणार.

"तुम्ही जाऊ नका," मी म्हणालो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, पण त्याच्या वयाला मी मनात तुम्हीच म्हणत होतो. "अजून पंधरा मिनिटं आहेत. तिसरा कोणी मिळेल."

"कोण मिळणार? दारं बंद झालीत. सातनंतर कोणाला आत घेत नाहीत."

"ठरलेल्यांपैकी कोणाचं मन बदलेल."

"ठरलेल्याचं मन बदलून तो न ठरलेला होईल?" ओरिनने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तू कुठून आलास म्हणालास?"

"इंडिया."

"तिथे होतं असं?"

"तिथे माणसं पक्ष बदलतात. मन तेच राहतं."

तो हसला नाही, पण बिस्किट अर्धं मोडून त्याने मला दिलं.

तेवढ्यात डॉना जिमच्या मध्यभागी जाऊन आपल्या दहा माणसांशी कुजबुजायला लागली. एक तरुण शिक्षक भिंतीला टेकून कागदावर हिशेब करत होता. त्याने डॉनाला काहीतरी दाखवलं, तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा दाखवलं. मग त्यांच्यातून एक जाडसर बाई लोकरीची टोपी सारखी करत आमच्या कोपऱ्यात आली. चेहरा असा, की जणू तिला शेजाऱ्यांकडे विरजण मागायला पाठवलंय.

"मी ब्रेंडा," ती म्हणाली. "मला इकडे पाठवलंय."

"तुमचं ठरलेलं नाही?" मी आनंदाने विचारलं.

"माझं मागच्या इस्टरलाच ठरलंय. गव्हर्नर." तिने आवाज खाली आणला. "इथून एकूण चार प्रतिनिधी जातात. तुम्ही तीन झालात की तुम्हाला एक प्रतिनिधी मिळतो, आणि तो सिनेटरवाल्यांच्या वाट्यातून कमी होतो. आमचे दोनचे दोन राहतात. मी नुसती उभी राहणार. मला काही विचारू नका."

रॉजरच्या ते लक्षात आलं. "हे नियमात बसतं का?" त्याने अध्यक्षबाईंना विचारलं.

"बसतं," त्या म्हणाल्या. "माणसाने कुठे उभं राहावं हा त्याचा प्रश्न आहे."

"तिचं ठरलेलं आहे. न ठरलेल्यात ठरलेली बाई उभी आहे."

"मी आत्ता गोंधळलेय," ब्रेंडा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

अशा रीतीने माझा गट टिकला. माझ्याबद्दल किंवा ओरिनबद्दल कोणालाही काही वाटलं म्हणून नाही, तर रॉजरचा एक प्रतिनिधी कमी करायचा होता म्हणून. बाबा वर्गात शिकवायचे की प्रत्येक मताला सारखी किंमत असते. आमची त्या अर्ध्या तासात जरा जास्त झाली होती.

मोजणी झाली. मग प्रत्येक गटाने आपला प्रतिनिधी निवडायचा होता. आमच्या गटाची निवडणूक अशी झाली:

"मला मार्चमध्ये बहिणीकडे जायचंय," ब्रेंडा म्हणाली. "आणि तसंही."

"मी संध्याकाळी गाडी चालवत नाही," ओरिन म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बिनविरोध निवडून आलो. ओरिन पर्यायी प्रतिनिधी झाला, म्हणजे मी मेलो तर तो. ब्रेंडाने टाळ्या वाजवल्या, एकटीने, आणि बिस्किटांचा डबा परत द्यायला डॉनाकडे गेली.

ओरिन पायी आला होता. मी त्याला गाडीत घेतलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ कमरेएवढा उभा होता आणि प्रत्येक घरापुढे त्यात प्रचाराच्या पाट्या रुतलेल्या होत्या, काहींची नुसती वरची कड दिसत होती.

चर्चपाशी वळताना तो म्हणाला, "लॉइस इथे सांगायची."

"काय?"

"आज कुठल्या कोपऱ्यात. दर चार वर्षांनी. या वळणावर यायचं, आणि ती म्हणायची, ओरिन, आज आपण अमक्याचे. मी म्हणायचो, बरं. ती सगळं वाचायची. मला एवढं कळत नाही."

"आणि या वेळी सांगायला त्या नव्हत्या."

वायपर एकदा गेला, एकदा आला.

"सांगितलं ना," तो म्हणाला. "जुलैमध्ये, हॉस्पिटलात. म्हणाली, जानेवारीत मी नसेन, तू सिनेटरच्या कोपऱ्यात उभा राहा. रॉजर बडबड करेल, तिकडे लक्ष देऊ नकोस."

मी गाडी हळू केली. खरं तर आम्ही पोचलो होतो.

"मग तो कोपरा होता की. समोरच होता."

"होता."

"मग?"

"तिने बरंच काही सांगून ठेवलं होतं," ओरिन म्हणाला. "तिचे कपडे चर्चला द्यायचे. दिले. शिवणयंत्र भाचीला. पोचवलं. थंडीआधी गुलाबांवर पेंढा टाकायचा. टाकला. हे एवढंच राहिलंय." त्याने हातमोजे घातले, पुन्हा काढले. "केलं की संपलं."

इंजिन चालू होतं. मग मीही खरं सांगितलं.

"मी फोनसाठी उभा होतो."

"कसल्या?"

"प्रचाराच्या. ठरलं असं सांगितलं की ते बंद होतात. आता मी मार्चपर्यंत न ठरलेला आहे, म्हणजे मार्चपर्यंत येतील."

ओरिन माझ्याकडे वळून बघत राहिला. त्याला हसू येत होतं, आणि माझ्या तोंडावर हसू नये एवढा तो सभ्य होता.

"पोरा," तो म्हणाला, "ते सगळे आज रात्रीच न्यू हॅम्पशायरला जातात. पुढची पाळी त्यांची. विमानं भरून जातात. दर वेळी. इथे मार्चमध्ये काय होतं ते कोणी विचारतसुद्धा नाही."

हे नियमावलीत नव्हतं.

तो उतरला, दार लावलं, मग काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"तुझा नंबर काय आहे?"

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. फोन वाजला नाही. दुपारी मी रिसीव्हर उचलून बघितला, आतला आवाज व्यवस्थित येत होता. संध्याकाळी टीव्हीवर न्यू हॅम्पशायरचा बर्फ दाखवला. गव्हर्नर तिथल्या एका कारखान्यात त्या राज्याच्या ग्रॅनाइटबद्दल प्रेमाने बोलत होते. त्यांच्या मागे घोळक्यात मला वाटलं कॅटलिन उभी आहे, पण तिला मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, जेवण गरम करत असताना, फोन वाजला.

"मी प्रचार कार्यालयातून बोलतोय," आवाज घोगरा होता. "तुमचं काही ठरलंय का?"

"कोणाच्या प्रचार कार्यालयातून?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मी गॅस बंद केला. "माझंही नाही."

"काही हरकत नाही," ओरिन म्हणाला. "मी परवा पुन्हा करतो."

त्याने केला. मार्चपर्यंत तो एक दिवसाआड फोन करायचा. आधी विचारायचा ठरलं का, मी नाही म्हणायचो, मग तो मोकळा व्हायचा. बर्फाबद्दल बोलायचा, घशाबद्दल, लॉइसच्या भाचीने शिवणयंत्र तळघरात टाकून दिलंय त्याबद्दल. मी त्याला पोह्यांबद्दल सांगितलं. एका रविवारी तो खायला आला. त्याचं मत पडलं की हा तांदूळ कोणीतरी चुकून चपटा केलेला आहे, पण दुसऱ्यांदा घेतले.

"तुझे वडील कोणाला मत द्यायचे?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. कधी सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

"आणि आईने विचारलं नाही?"

"दर वेळी विचारायची, आणि आपलं सांगायची. मग एका निवडणुकीला तिनेही सांगणं बंद केलं. मतदानाच्या दिवशी आमच्या घरात दोघं समोरासमोर बसून गप्प जेवायची."

ओरिनने बशी खाली ठेवली. "मला नसतं जमलं," तो म्हणाला.

मार्चचं अधिवेशन जत्रेच्या मैदानावरल्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये भरलं. तोवर सिनेटरांनी माघार घेतली होती. दोन राज्यं हरून ते फेब्रुवारीतच घरी गेले होते. उरले होते फक्त गव्हर्नर. न ठरलेल्यांच्या टेबलावर आम्ही दोघे होतो आणि टेबलावर दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचा मोजा होता. रॉजर गव्हर्नरांचा बिल्ला लावून फिरत होता.

"म्हणजे आता सिनेटरच्या कोपऱ्यात उभं राहताच येणार नाही," ओरिन म्हणाला.

"नाही. कोपराच नाही."

"कधीच नाही."

"नाही."

त्याने थोडा विचार केला. "मग ठीक," तो म्हणाला, आणि डोनट आणायला गेला. येताना दोन आणले.

आमचा गट इथे टिकणं शक्य नव्हतं. डॉना आली आणि म्हणाली, "शिरीष, आता तरी." मी उठून गव्हर्नरांच्या टेबलावर गेलो. तिने टाळ्या वाजवल्या. ओरिन पर्यायी होता, त्याला मत नव्हतं. तो न ठरलेल्यांच्या टेबलावर बसून राहिला, दोन्ही डोनट संपवत.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "म्हणजे तुझं ठरलं."

"ठरलं."

"हं," तो म्हणाला.

त्या आठवड्यात फोन आला नाही. ठरलेल्यांना फोन करत नाहीत, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी तीन घरं चालत गेलो. दारात परराज्याची गाडी होती. त्याची मुलगी ॲरिझोनाहून आली होती आणि खोकी बांधत होती. ओरिन आत आरामखुर्चीत होता. एवढ्या थंडीत त्याने एकटं राहू नये असं मुलीने ठरवलं होतं.

"आणि तुमचं काय ठरलं?" मी त्याला विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "मी पर्यायी."

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी फोन वाजला. ॲरिझोनाचा नंबर.

"तुमचं काही ठरलंय का?"

"मार्चमध्येच ठरलं. तुमच्यासमोर."

"अरेच्चा," ओरिन म्हणाला. "मग चुकीचा नंबर लागला."

पण त्याने फोन ठेवला नाही. तिकडे गुलाबांवर पेंढा टाकावा लागत नाही, म्हणाला, आणि मग काय टाकावं लागत नाही आणि काय टाकावं लागतं, हे त्याने मला तासभर सांगितलं. तो पुढच्या वसंतात गेला. मुलीने कळवलं, पत्राने.

गव्हर्नर त्या नोव्हेंबरात हरले, आयोवातसुद्धा. मी नोकरी बदलली, आणि आता बरीच वर्षं इलिनॉयमध्ये राहतो. इथे कुठला पक्ष जिंकणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे फोन कोणी करत नाही.